चौकट : युद्धनौकेवरील वीज आणि उजनीकाठच्या मोटारी

नौदलाच्या वीजशाखेतील नौसैनिकांना प्रशिक्षण देणारी जामनगरची ‘आयएनएस वलसुरा’ ही संस्था १९४२ मध्ये पाणतीर, म्हणजे पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजावर आदळणारे अस्त्र, हाताळण्याची शाळा म्हणून सुरू झाली. युद्धनौकेवर वीजपुरवठ्याचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा सामाईक बिंदू, सहसा जहाजाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडत नाहीत, कारण लढाईत एखादी तार सांगाड्याला टेकली तरी सुकाणू आणि पंप चालू राहणे आवश्यक असते; बारामती-इंदापूरच्या गावांत मात्र महावितरणच्या रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो आणि दोष उद्भवताच फ्यूज उडणे अपेक्षित असते. सेवानिवृत्तीनंतर वीजतंत्री झालेल्या नौसैनिकाला सुरक्षेची ही उलटी रीत नव्याने अंगवळणी पाडावी लागते, आणि अशा माणसाच्या स्मृतिलेखात पदकांइतकेच याचेही मोल असावे. उजनी धरणाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरले की इंदापूर तालुक्यातील शेतकरी मोटारी व केबल पाण्यामागोमाग पुढे नेतात. तेव्हा ओल्या गाळात पडलेल्या केबलचे सांधे तपासताना, मेगरने, म्हणजे विद्युतरोधन मोजणाऱ्या उपकरणाने, खाऱ्या दमट हवेत वारंवार चाचणी घेण्याची जहाजावरील शिस्त थेट उपयोगी पडते, मात्र एक फेज गेल्याने जळालेली मोटार पुन्हा गुंडाळण्याचे काम बहुधा गावातील कारागीरच करतो.