पोटच नाही, तर पोट भरतं कसं?

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माजलगावजवळच्या एका शेततळ्याच्या काठावर मी आणि माझी आठ वर्षांची भाची बसलो होतो. तळ्याच्या मालकांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून गोळे केले, टोपलीत भरले आणि टोपली दोरीनं पाण्यात सोडली. पाणी नुसतं खळबळलं! रोहू आणि मृगळ तुटून पडले. पण थोड्या वेळानं सगळं शांत. आबांनी टोपली वर ओढली, तर तळाशी दोन गोळे तसेच!

“आबा, मासे रुसले का हो?” भाचीनं विचारलं.

“रुसतेत कशाला? पोट भरलं त्यांचं.”

आबांचं बरोबरच होतं. पण दोस्तांनो, एक गंमत सांगू? रोहूला पोटच नसतं! म्हणजे खाल्लेलं साठवणारी, आपल्या जठरासारखी पिशवी त्याच्याकडे नाही. घशातल्या दातांनी घास भरडला की तो थेट आतड्यात. कटला, मृगळ, सगळं हे कुटुंबच बिनजठराचं. आतडं मात्र लांबच लांब, माशाच्या अंगापेक्षा कितीतरी पट, वेटोळी घालून बसलेलं. घरी कुणी रोहू साफ करत असेल तर शेजारी बसून बघा.

मग “आता पुरे” हे त्याला सांगतं कोण?

माशाचं शरीर खाण्यातलं तेल मोजतं. हो, तेल! 1 ग्रॅम पिठातून किंवा डाळीतल्या प्रथिनातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर 1 ग्रॅम तेलातून 9. मूठभर खाणं कोरडं आहे की तेलकट, हे कळलं नाही तर हिशोबच चुकायचा. पेंडीतही तेल असतं बरं का. घाण्यावर दाणे कितीही दाबले, तरी थोडं तेल मागे उरतंच.

चवीची सुरुवात तोंडाबाहेरच होते. माशांच्या ओठांवर आणि मिशांवर चव कळणारे ठिपके असतात. शिंगी माशाला तर चांगल्या आठ मिशा! पण खरी मोजदाद होते आतड्यात. तिथल्या अस्तरात काही खास पेशी पहारा देत असतात. तेल आलं रे आलं, की त्या सीसीके नावाचं रसायन सोडतात. ते पित्ताशयाला सांगतं, “पित्त पाठव, तेल पचवायचंय,” आणि मेंदूला सांगतं, “आता हात आखडता घे.” हेच रसायन तुमच्या-माझ्या पोटातही काम करतं.

मेंदूचं स्वतःचंही लक्ष असतं. स्पेनमधल्या विगो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांना ऑलिक आम्ल दिलं. शेंगदाणा तेलात भरपूर असतं, तेच हे आम्ल. माशांची भूक कमी झाली. मग खोबरेल तेलात असणारं ऑक्टॅनॉइक आम्ल दिलं. तरीही भूक कमी झाली! उंदरांच्या मेंदूवर असा प्रयोग झाला होता, तेव्हा त्यांना ऑलिक आम्ल कळलं, पण ऑक्टॅनॉइक कळलं नव्हतं. या बाबतीत मासा उंदराच्या पुढे निघाला.

आता मला सगळ्यात आवडलेला प्रयोग. झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा, निळ्या पट्ट्यांचा मासा आपल्या भारतातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत पिल्लाचं आतडं सूक्ष्मदर्शकातून चक्क दिसतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शास्त्रज्ञांनी अशी युक्ती केली, की पहारेकरी पेशी जाग्या झाल्या की चमकतील. मग पिल्लांना कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक खाऊ घातला. बलक म्हणजे मेदाचं कोठारच. आधी पेशी चमकल्या, पण काही तासांनी त्यांचा आकार बदलला आणि त्या गप्प झाल्या! पुन्हा अन्न आलं तरी त्यांना पूर्वीसारखं कळेना. मग शास्त्रज्ञांनी आतड्यात एकही जंतू नसलेली पिल्लं वाढवली. त्यांनाही बलक दिला, तर त्यांच्या पेशी गप्प झाल्याच नाहीत. म्हणजे पहारेकऱ्यांना झोपवण्यात आतड्यातल्या जंतूंचा हात होता. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. आतड्यातले एवढेसे जंतू भुकेच्या कारभारात लुडबूड करतात, हे वाचून मी तर थक्क झालो.

म्हणूनच कुणाला किती तेल, हे नीट ठरवावं लागतं. शिकारी सामन माशाच्या खाद्यात 30 टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त मेद असतो. आपल्या रोहू-कटल्याला साधारण 6 ते 8 टक्के पुरतो. मुंबईत वर्सोव्याला 1961 पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माशांना काय आणि किती खायला द्यावं, यावर तिथे अभ्यास चालतो. मोठेपणी तुम्हालाही तिथे शिकता येईल.

आबा मात्र टोपलीकडे बघून हिशोब करतात. गोळे उरले की दुसऱ्या दिवशी कमी टाकतात, कारण उरलेली पेंड पाण्यात कुजते आणि माशांचा प्राणवायू खाते. म्हणून तळ्यावर गेलात तर माशांना भजी, फरसाण अजिबात टाकू नका. त्यापेक्षा कुणी खाद्य टाकत असेल तेव्हा घड्याळ लावून बसा. किती मिनिटांत मासे खाणं थांबवतात? सकाळी आणि संध्याकाळी सारखंच असतं का? थंडीत काय होतं? वहीत टिपून ठेवा आणि आम्हाला पत्रानं नक्की कळवा.