जंगलची जिप्सी, गॅरेजातली जिप्सी

बल्लारपूरची ओळख सांगायची तर कागद कारखाना, कोळसा, सागवानाचा डेपो आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरचं बल्लारशाह स्टेशन. इथल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि त्यांची काळी भुकटी दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकात सापडते. त्याच रस्त्याने चंद्रपूर ओलांडून मोहर्ली गेटकडे गेलं की एका वेगळ्याच गाडीचं राज्य लागतं. ती म्हणजे ताडोबाची सफारी जिप्सी.

मारुतीने ही गाडी 1985 साली 970 सीसीच्या इंजिनासह आणली. 1996 मध्ये 1298 सीसीची जिप्सी किंग आली आणि 2000 मध्ये कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. सुरक्षिततेचे आणि प्रदूषणाचे नवे नियम जवळ आले, तशी कंपनीने 2018 च्या अखेरीस सामान्य गिऱ्हाइकांची नोंदणी थांबवली. थोडक्यात, जंगलात फिरणारी प्रत्येक जिप्सी आता जुनी आहे. ती टिकते ती मिस्त्रीच्या जिवावर.

या गाडीच्या मीटरवरचा आकडा मात्र फसवा असतो. सफारीत ती संथ चालते, वाघाची चाहूल लागली की थांबते, पुन्हा दहा पावलं सरकते. किलोमीटर थोडे पडतात, पण इंजिन तासन्‌तास चालतं, ब्रेक शेकडो वेळा दाबला जातो आणि लाल मुरूम सगळीकडे शिरतो. म्हणून जाणता मिस्त्री मीटर बघून काम ठरवत नाही. आधी तो पेडलवर पाय ठेवतो.

पेडल स्पंजासारखं लागलं, तर लाइनमध्ये हवा. पहिल्यांदा खोल गेलं आणि दुसऱ्यांदा मारल्यावर वर आलं, तर मागच्या ड्रममधले शू झिजलेले किंवा ॲडजस्टमेंट सुटलेली. दाबून धरलं असता हळूहळू खाली बसत गेलं, तेलही कुठे गळत नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एखादा कॅलिपर अडकलेला किंवा लायनरवर तेल आलेलं. एकच चाक तापून जळका वास येत असेल, तर कॅलिपर खोलण्याआधी रबरी होज तपासावा. जुना होज आतून फुगतो. पेडल दाबल्यावर तेल पुढे जातं, पाय काढल्यावर मात्र परत येत नाही आणि ब्रेक धरूनच राहतो. असा होज बाहेरून अगदी धडधाकट दिसतो, त्यामुळे चांगला कॅलिपर विनाकारण बदलला जातो.

ब्रेक ऑइलचा शत्रू पाणी आहे. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल धरलेल्या तेलासाठी तीच मर्यादा 140 अंशांवर येते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा ब्रेकचा सततचा वापर, वरचं ऊन आणि जुनं तेल एकत्र आलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी तेल बदलायला सांगतात. एअर काढताना सहसा सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. ड्रममधली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

इंजिनाचं दुखणं ओळखायला कान लागतो. ‘पिकअप नाही, मिसिंग करते,’ अशी तक्रार आली की कच्चा कारागीर लगेच टायमिंगला हात घालतो. अनुभवी मिस्त्री आधी एअर फिल्टर काढून झटकतो, कारण मुरमाने गच्च झालेला फिल्टर थेट टायमिंग बिघडल्याचं सोंग आणतो. मग प्लग, मग पेट्रोल. हे सगळं ठीक निघालं तरच टायमिंगचं कव्हर उघडतं.

क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. हे गणित दातेरी पट्टा सांभाळतो. पट्टा एक दात जरी सरकला तरी गाडी उशिरा सुरू होते, आयडलिंगला थरथरते, चढाला दम टाकते. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून, टेन्शनर आवळून, इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा तपासायच्या. हे फेरे टाळले तर चूक गाडी सुरू केल्यावरच कळते. ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वाट एकमेकांना छेदते, तिथे त्या चुकीपायी व्हॉल्व्ह वाकतात.

डिस्ट्रिब्यूटर असलेल्या कार्बोरेटर गाडीत ठिणगीची वेळही पाहावी लागते. ठिणगी लवकर पडली तर ओझ्याखाली नॉकिंग येतं. उशिरा पडली तर ताकद जाते आणि इंजिन तापतं. टायमिंग लाइट पुलीवर धरून डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवला की फरक लगेच ऐकू येतो. पट्टा बदलताना क्रँक आणि कॅमची ऑइल सीलही बघतात, कारण गळक्या सीलचं तेल नव्या पट्ट्यालाही खातं. पट्ट्याला नुसते किलोमीटर मोजून चालत नाही. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं.

2023 मध्ये आलेल्या मारुतीच्याच जिम्नीत पट्ट्याच्या जागी टायमिंग चेन आहे. ती ठरावीक मुदतीने बदलावी लागत नाही. पण इंजिन ऑइल वेळेवर बदललं नाही, तर झिजून चेनही लांबते आणि गाडी सुरू करताना खडखडते. तेव्हा जिप्सीच्या मिस्त्रीला नवं यंत्र शिकावं लागणार, पण कान तोच वापरायचा आहे.

ताडोबात मंगळवारी सफारी बंद असते, त्यामुळे किरकोळ कामाला तो दिवस सोयीचा. मोठी कामं पावसाळ्यात. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं आणि बऱ्याच गाड्या शेडमध्ये उभ्या राहतात. हँडब्रेक ओढून ठेवला तर ओलीने शू ड्रमला चिकटतात. म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला दगड लावून हँडब्रेक सोडायचा. सप्टेंबरच्या शेवटी ड्रम खोलून व्हील सिलिंडरची गळती पाहायची, तेल बदलायचं, पट्ट्याला चिरा आहेत का ते तपासायचं. मग मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून, उतरून, चारही चाकांजवळ तळहात नेऊन उष्णता जोखायची. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त गरम लागलं, तर गाडी पुन्हा जॅकवर चढते.