विमा आणि भीड

आयुष्याचा विमा हा मोठा विलक्षण सौदा होय. घेतलेलें लुगडें विरलें तर दुसरे दिवशीं दुकानदारापुढें टाकतां येतें. विम्यांतील खोट मात्र बहुधा घरचा कर्ता पुरुष गेल्यावर त्याच्या पत्नीच्या नजरेस येते. म्हणूनच या धंद्यावर सरकारची देखरेख अधिक कडक असावी लागते.

आपल्या देशांत आयुर्विमा कंपन्यांविषयींचा पहिला कायदा सन १९१२ सालीं झाला. पुढें १९३८ च्या कायद्यानें एजंटास परवाना, कमिशनास मर्यादा, आणि कमिशनांतील वांटा देऊन गिऱ्हाईक ओढण्यास मनाई, अशीं बंधनें घातलीं. तरीही कित्येक कंपन्या बुडाल्या. तेव्हां १९५६ च्या जानेवारींत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आयुर्विमा सरकारी ताब्यांत घेतल्याचें जाहीर केलें, व त्याच वर्षीं २४५ संस्थांचा धंदा एकवटून आयुर्विमा महामंडळ निघालें. १९९९ च्या कायद्यानें खासगी कंपन्यांस पुनः दार उघडलें, आणि त्यांवर नजर ठेवण्यासाठीं विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झालें. त्याची मुख्य कचेरी हैदराबादेस आहे.

परंतु मलकापूर स्टेशनाहून बुलढाण्यास जातांना लागणाऱ्या मोताळ्यासारख्या गांवीं विमा विकणारा इसम परका नसतो. तो शेजारी असतो, बँकेंतील ओळखीचा कारकून असतो, किंवा साडूचा भाऊ असतो. "तुम्हीच भरा, मी सही करतों," असें म्हणून भिडेखातर कोऱ्या अर्जावर सही होते. मधुमेहाच्या रकान्यांत 'नाहीं' पडतें, आणि पुढें दाव्याच्या वेळीं कंपनी त्याच सहीवर बोट ठेवते.

कायद्यानें येथेंही ग्राहकाची बाजू घेतली आहे. पॉलिसी हातीं आल्यापासून तीस दिवसांत ती नापसंत म्हणून परत करतां येते; थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणें पॉलिसीस तीन वर्षें लोटल्यावर कंपनीस तिजविषयीं हरकत काढतां येत नाहीं. मात्र तत्पूर्वीं लपविलेला आजार कुटुंबाचा घात करूं शकतो. तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेलें उत्तर न पटल्यास, एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. तेथें फी नाहीं, वकिलाची गरज नाहीं, आणि ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार लोकपालास आहे.

हे सर्व उपाय कागद वाचणाऱ्यासच उपयोगी पडतात. म्हणून आम्ही वाचकांस इतकेंच सुचवितों कीं, अर्ज स्वतःच्या हातानें भरावा, आजार लपवूं नये, आणि पॉलिसी येतांच त्या तीस दिवसांत ती घरांतील सर्व मंडळींसमोर, विशेषतः घरच्या स्त्रियांसमोर, मोठ्यानें वाचावी. पॉलिसी कोणत्या कपाटांत आहे व तिजवर नांव कोणाचें लावलें आहे, हें ज्यांच्यासाठीं विमा उतरविला त्यांनाच ठाऊक नसावें, हें आमच्या मतें बरें नव्हे.