विश्लेषण : फिट थांबतच नसेल तर डॉक्टर रुग्णाला ‘कोमा’त का नेतात?

‘झटके थांबत नाहीत, पेशंटला कोमात न्यावे लागेल,’ असे अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांच्या पायाखालची जमीन सरकते. कोमा म्हणजे आता संपले, असाच अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. इथे मात्र कोमा हा आजार नसून उपचार असतो. तो कधी द्यावा लागतो, त्यात नेमके काय करतात, धोके कोणते आणि औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावातून रुग्ण तिथपर्यंत वेळेत कसा पोहोचतो, याविषयी.

फिट किती वेळ चालली तर धोका?

मिरगी, फेफरे, आकडी, फिट अशी नावे गावागणिक बदलतात. वैद्यकीय भाषेत हा अपस्माराचा झटका. मेंदूतील असंख्य पेशी एकाच वेळी विजेचे बेलगाम संदेश सोडू लागतात, शरीर ताठ होते, हातपाय झटकू लागतात, शुद्ध हरपते. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात.

पाच मिनिटे उलटूनही झटका चालूच राहिला, किंवा मधे शुद्धीवर न येता एकापाठोपाठ झटके आले, तर त्याला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. अपस्माराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये यासाठी दोन वेळा ठरवून दिल्या. सर्वांगाच्या झटक्यात ५ मिनिटांनंतर तो आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून उपचार तिथेच सुरू व्हायला हवेत. ३० मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. पुढची सगळी धावपळ या दोन आकड्यांमधली आहे.

झटका लांबला की औषध का चालत नाही?

मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन ब्रेकचे काम करते, तर ‘ग्लुटामेट’ हे अ‍ॅक्सिलरेटरचे. मिडाझोलाम, लोराझेपाम ही पहिल्या टप्प्यातील औषधे गाबाचा ब्रेक घट्ट करतात. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर गाबाला पकडणारे ग्राही लागतात. झटका लांबत गेला की हे ग्राही पेशीच्या आत ओढले जातात आणि ग्लुटामेटचे ग्राही मात्र पृष्ठभागावर वाढतात. त्यामुळे जे इंजेक्शन पाचव्या मिनिटाला काम करते, तेच चाळिसाव्या मिनिटाला निष्प्रभ ठरू शकते. ‘थोडा वेळ वाट बघू, थांबेल,’ हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

कोमाआधीच्या पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी मिडाझोलाम, लोराझेपाम किंवा डायझेपामची. शीर सापडेपर्यंत थांबायची गरज नाही, हे अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीने २०१२ मध्ये दाखवले. मांडीत मिडाझोलाम दिलेल्या ७३ टक्के रुग्णांचे झटके रुग्णालयात पोहोचण्याआधी थांबले होते, तर शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचे. शिरेतले औषध काम वेगाने करते, पण झटकणाऱ्या हातात सुई लावण्यातच वेळ जातो. ग्रामीण रुग्णालयासाठी ही फार उपयोगाची माहिती आहे.

श्वास मंदावेल या भीतीने ही औषधे अनेकदा निम्म्या मात्रेत दिली जातात. प्रत्यक्षात लांबलेला झटकाच श्वासाला जास्त घातक असतो. याच वेळी रक्तातील साखर तपासायची असते, कारण साखर कमी झाल्याने आलेला झटका ग्लुकोजशिवाय थांबत नाही. गर्भवती किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला उच्च रक्तदाबामुळे झटके आले, तर मॅग्नेशियम सल्फेट हे मुख्य औषध.

दुसरी पायरी फॉस्फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट किंवा लेव्हेटिरासिटाम यांची. तिन्हींची तुलना करणारी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक औषधाने जवळपास निम्मे रुग्ण सावरले. सरस कोणतेच ठरले नाही. म्हणजे हाताशी असेल ते औषध पूर्ण मात्रेत आणि वेळेत देणे महत्त्वाचे.

या दोन्ही पायऱ्या चढूनही झटके चालूच राहिले, तर त्याला दाद न देणारा म्हणजे ‘रिफ्रॅक्टरी’ स्टेटस म्हणतात. स्टेटसच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत ही वेळ येते. कोमाचा निर्णय इथे होतो.

‘कोमा’त नेणे म्हणजे नेमके काय?

शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देतात, तीच औषधे इथे शिरेतून सतत चालू ठेवतात. मिडाझोलामचा सलग डोस, दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल, जुने पण प्रभावी थायोपेंटोन. आणि अलीकडे केटामाइन, जे गाबाऐवजी ग्लुटामेटच्या बाजूने काम करते. भूल खोल असल्याने रुग्ण स्वतः पुरेसा श्वास घेऊ शकत नाही. म्हणून घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागतो. रक्तदाब टिकवण्याची औषधे, नाकातील नळीतून अन्न, लघवीची नळी, दर काही तासांनी कूस बदलणे हे सगळे त्याच्या जोडीला येते.

डोस किती खोल न्यायचा, हे ईईजीवर ठरते. डोक्याला तारा लावून मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख पाहतात. झटक्याच्या लहरी पूर्ण थांबल्या पाहिजेत. अनेक डॉक्टर त्याहून पुढे जाऊन काही सेकंद जवळपास सपाट रेघ, मग लहरींचा छोटा झुबका, पुन्हा सपाट रेघ अशी स्थिती येईपर्यंत भूल वाढवतात.

ईईजी इतका महत्त्वाचा का? कारण हातपाय थांबले म्हणजे मेंदूतील झटका थांबला असे नाही. लांबलेल्या झटक्यात शरीर दमून शांत पडते, नुसती पापणी किंवा ओठाचा कोपरा हलत राहतो. आत मात्र वादळ चालूच असते. स्नायू सैल करणारे इंजेक्शन दिले असेल, तर तेवढीही हालचाल दिसत नाही. झटका थांबून अर्धा-पाऊण तास झाला तरी रुग्ण जागा होत नसेल, तर ही शंका घ्यावीच लागते.

किती दिवस ठेवतात आणि बाहेर कसे काढतात?

सहसा ईईजी शांत झाल्यावर २४ ते ४८ तास. दरम्यान फिटची नेहमीची औषधे पूर्ण मात्रेत चालू असतात, म्हणजे भूल उतरेल तेव्हा मेंदूला आधार असेल. त्यानंतर भूल टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. झटके परतले, तर पुन्हा भूल वाढवतात. भूल सुरू करून २४ तास उलटल्यावरही झटके चालू राहिले किंवा परतले, तर ती अवस्था ‘सुपर-रिफ्रॅक्टरी’. असे काही रुग्ण आठवडेच्या आठवडे अतिदक्षता विभागात असतात.

कोमा मूळ कारण बरे करत नाही. तो मेंदूला विश्रांती आणि डॉक्टरांना कारण शोधायला वेळ देतो. मेंदूज्वर, पक्षाघात, डोक्याला मार, सोडियम घसरणे, दारू एकदम सोडणे, मेंदूत टेपवर्मच्या अळीच्या गाठी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर केलेला हल्ला, फवारणीच्या कीटकनाशकाची विषबाधा अशी ही यादी आहे. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला आणि १९६५ मध्ये प्रथम सापडलेला विषाणूही मुलांमध्ये ताप, झटके आणि मेंदूज्वर घडवतो.

धोके कोणते? पुरावा किती?

धोके खरे आहेत. रक्तदाब घसरतो, न्यूमोनिया होतो, आतड्यांची हालचाल मंदावते. प्रोपोफॉल मोठ्या मात्रेत दोन दिवसांहून अधिक चालले तर क्वचित हृदय, स्नायू आणि रक्तातील आम्लता एकाच वेळी बिघडते; मुलांमध्ये त्यामुळे विशेष सावध राहतात. थायोपेंटोन शरीरात साठते आणि बंद केल्यावरही रुग्ण जागा व्हायला कित्येक दिवस लागू शकतात.

यातली कोणती भूल चांगली, याचे पक्के उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. प्रोपोफॉल आणि बार्बिट्युरेट गटातील औषधांची तुलना करण्यासाठी १५० रुग्णांची चाचणी आखली होती. तीन वर्षांत २४ रुग्ण मिळाल्यावर ती थांबवावी लागली. भूल दिलेल्या रुग्णांत संसर्ग आणि मृत्यू जास्त दिसल्याचे काही निरीक्षणे सांगतात. पण ज्यांना भूल द्यावी लागते ते मुळातच जास्त आजारी असतात, हेही खरे. शरीर थंड करून मेंदू वाचवण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये झाला. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात त्याने रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही.

म्हणून शुद्ध काही अंशी शाबूत असलेल्या, अंगाचा एखादाच भाग झटकणाऱ्या रुग्णाला डॉक्टर लगेच भूल देत नाहीत. आधी इतर औषधे वापरून पाहतात. सर्वांगाच्या न थांबणाऱ्या झटक्यात मात्र थांबायला वाव नसतो.

रुग्ण बरा होतो का?

ते कारणावर, वयावर आणि उपचार किती लवकर मिळाले यावर ठरते. गोळ्या चुकल्यामुळे झटके लांबलेला तरुण अनेकदा पूर्वपदावर येतो. मेंदूज्वर किंवा मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने आलेल्या झटक्यांत चित्र गंभीर असते. सुपर-रिफ्रॅक्टरी रुग्णांच्या जगभरातील नोंदींचा आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. त्यात साधारण एक तृतीयांश दगावले आणि जवळपास तेवढेच आधीच्या स्थितीला परतले. उरलेल्यांपैकी अनेकांत कमी-अधिक व्यंग राहिले.

नातेवाइकांनी एक फरक लक्षात घ्यावा. औषधाने आणलेला कोमा म्हणजे ‘ब्रेन डेड’ नव्हे. भूल चालू असताना रुग्ण हाकेला ओ देत नाही, हे अपेक्षितच असते. ‘भूल कधी कमी करणार, ईईजीवर काय दिसते, झटक्यांचे कारण सापडले का,’ हे तीन प्रश्न डॉक्टरांना रोज विचारावेत.

औंढ्याहून हा प्रवास कसा?

औंढा नागनाथहून हिंगोली सुमारे २५ किलोमीटर. नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचे तर वसमतमार्गे साठेक किलोमीटर, म्हणजे तासाभराहून अधिक. हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले, पण कुठलीही नवी संस्था पूर्ण क्षमतेने उभी राहायला वर्षे लागतात. व्हेंटिलेटर, मेंदूविकारतज्ज्ञ आणि खाटेजवळ सतत चालणारा ईईजी एकत्र मिळण्याची सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे.

त्यामुळे वाडीवस्तीवरून रुग्णाला थेट शहराकडे पळवण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पहिले इंजेक्शन घेऊन पुढे जाणे शहाणपणाचे. २०१४ पासून राज्यात चालू असलेल्या १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पुढे पाठवताना कोणते औषध, किती, किती वाजता दिले, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पुढच्या रुग्णालयात व्हेंटिलेटरची खाट आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्यायला सांगा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येते.

घरच्यांनी काय करावे?

घड्याळ बघा, हे पहिले काम. रुग्णाला एका कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवणे किंवा हातात लोखंड देणे याने झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. पाच मिनिटे झाली, झटका पुन्हा आला, रुग्ण गर्भवती असेल किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. वारंवार लांब झटके येणाऱ्यांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन, वापर समजून घरात ठेवावा.

ही वेळच टाळता येईल का?

बऱ्याच वेळा येते. आधीच मिरगी असलेल्यांत स्टेटसचे एक मोठे कारण म्हणजे गोळ्या चुकणे. महाशिवरात्रीचा उपवास आणि जागरण, ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला गेल्यावर संपलेली पट्टी, ‘आता दोन वर्षे फिट नाही’ म्हणून परस्पर बंद केलेले औषध, ही नेहमीची निमित्ते. उपवासातही गोळी घ्यायचीच असते आणि झोप मोडायची नसते.

याहून अवघड गोष्ट लपवण्याची. लग्न ठरताना मुलीची मिरगी सांगितली जात नाही आणि सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या बंद होतात. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराचा अडसर १९९९ मध्येच काढून टाकण्यात आला. कायद्याने पाव शतकापूर्वी जे मान्य केले, ते घरात मान्य झाले तर एखादी सून सासूसमोर उघडपणे गोळी घेऊ शकेल. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर लढावी लागणारी लढाई अशी रोजच्या एका गोळीवर घरातच जिंकता येते.