गुडघाभर पाण्यातला छंद

मासा पकडायचा आणि परत सोडायचा, हे आमच्या मालवणात कुणाला पटणार नाही. पण मी राहते त्या फ्लोरिडात 'बोनफिश' पकडला की सोडावाच लागतो; २०१३ पासून तसा नियमच आहे. काट्यांनी भरलेला हा मासा खायचा तरी कसा म्हणा! खरी मजा आहे ती त्याला शोधण्यात.

भरतीबरोबर तो उथळ पाण्यात कोळंबी, खेकडे उकरायला येतो. तोंड वाळूत, शेपटीचं टोक पाण्याबाहेर! अंग आरशासारखं चकचकीत, म्हणून चटकन दिसतच नाही. गळाला लागला की मात्र असा सुसाट पळतो, की रिळावरचा दोरा भराभर सुटत जातो.

हा श्रीमंतांचा खेळ, असं सगळे म्हणतात. होडी आणि वाटाड्या घेतला तर दिवसाला शेकडो डॉलर जातात, हे खरंच. मी किनाऱ्यावरून चालत जाते. त्यासाठीचा परवाना इथल्या रहिवाशांना फुकट मिळतो. साधी काठी, जुने बूट, टोपी आणि पाण्यावरची चकाकी घालवणारा पोलराइज्ड चष्मा, बस्स! कोळंबीसारखं दिसणारं आमिष पिसं नि दोऱ्याने घरीच बांधते. पाण्यात पाय घासत चालायचं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट बाजूला होतं.

सोडताना हात ओले हवेत, मासा पाण्यातच हवा. दमलेला मासा शार्कच्या तोंडी जातो.

मैत्रिणींनो, पन्नाशीपर्यंत माझं घड्याळ घरच्यांच्या डब्यांवर चाललं. आता आठवड्यातले चार तास ते भरती-ओहोटीवर चालतं.