गिधाडांची घट आणि पिसाळ रोगाचा खर्च

नाशिकच्या पश्चिमेस अंजनेरीच्या कड्यांतील कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. पुढे हरसूलच्या बाजूस पांढऱ्या पाठीची गिधाडेही आढळतात. ती उंच झाडांवर राहतात. गिधाड दिसावयास ओंगळ, आणि आपल्या बोलण्यात त्याचे नाव येते ते बहुधा निंदेसाठीच. परंतु गुरेढोरे बाळगणाऱ्या गावाचे जे काम हा पक्षी विनामोबदला करीत असे, त्याची किंमत तो नाहीसा होऊ लागल्यावरच कळून आली.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गणना १९९२ व २००७ या वर्षांची ताडून पाहता, भारतात हजारांमागे जेमतेम एक पक्षी उरल्याचे दिसले. लांब चोचीची गिधाडेही शेकडा ९५ हून अधिक घटली. आरंभी भरतपूर येथे हे मृत्यू ध्यानात आले तेव्हा एखादी नवी साथ आली असावी असाच तर्क होता. २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडे तपासून खरे कारण दाखविले. ते रोगजंतू नव्हते, तर गुरांना दुखण्यावर व सुजेवर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध होते. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि ते गिधाडाने खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होतात, आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो व काही दिवसांत पक्षी मरतो.

येथे वाचकास शंका येईल की, गावात अशी किती जनावरे औषध घेऊन मरत असतील? फारच थोडी. हिशेब करणाऱ्यांना असे आढळले की, हजार मेलेल्या जनावरांपैकी आठांहूनही कमी जनावरांत घातक प्रमाणात औषध असले तरी एवढी घट होऊ शकते. कारण एका जनावरावर डझनावारी गिधाडे उतरतात, आणि गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते. मेलेल्यांची भरपाई होण्यास फार काळ लागतो.

आता रोगाकडे वळू. गिधाडांचा थवा एखादे मेलेले जनावर तासाभरात साफ करतो. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत. गिधाडे गेली आणि तेच मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास आले. कुत्र्याने मांस खाल्ल्याने जंतू नष्ट होत नाहीत. उलट पोट भरलेल्या कुत्र्यांची पैदास मात्र वाढते आणि पिसाळ रोगास आयतेच वाहन मिळते. हा रोग तेथे थांबत नाही. कोल्हे, लांडगे, खोकड यांनाही तो कुत्र्यांकडून लागतो. शिवाय कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शेजारच्या अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला होता.

या साखळीचा पैशांत हिशेब मांडण्याचा प्रयत्न एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी केला. त्यांचा निबंध २०२४ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना करून त्यांनी असा अंदाज काढला की, २००० ते २००५ या काळात गिधाडांअभावी सुमारे ५ लाख अधिक माणसे दगावली, आणि या हानीचे मोल वर्षास सुमारे ६९ अब्ज डॉलर होते. यात पिसाळ रोगाबरोबरच सडक्या मांसाने दूषित झालेल्या पाण्याचाही भाग आहे. अंदाज तो अंदाजच. तथापि तो निम्म्याने कमी धरला तरी एका स्वस्त औषधाची किंमत किती पडली हे उमजते. औषध घेताना शेतकऱ्याचे चार पैसे वाचले. चावा झालेल्या मुलाच्या लसीचा खर्च दुसऱ्याच घरावर पडला. दोन्ही हिशेब एका वहीत कोणी लिहिलेच नाहीत.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात असल्यामुळे २०१५ साली ती बाटली ३ मिलीलिटरपुरती मर्यादित केली गेली. २०२३ साली केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी झाली; असिक्लोफेनॅकचे गुराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते. मेलॉक्झिकॅम हे औषध गिधाडांस निर्धोक ठरले आहे. आरंभी ते महाग होते, आता ती अडचण उरलेली नाही. काससुजीवर किंवा लंगडण्यावर इंजेक्शन देताना औषधाचे नाव विचारून घ्यावे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषध विक्रेत्याकडेही चौकशी करावी.

हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनविभागाने गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा केली आहे. असा प्रयोग इतर गावांनीही करण्याजोगा आहे, परंतु जागा कुत्र्यांना शिरता येणार नाही अशी हवी; नाहीतर कुत्र्यांचेच पोषण होईल. कोणतेही जनावर तेथे नेण्यापूर्वी मालकाकडून त्यास शेवटचे औषध कोणते व केव्हा दिले याची खात्री करावी. औषधाचा पत्ता लागत नसेल तर ते जनावर पुरावे. गावातील कुत्र्यांना पिसाळ रोगाची लस दरवर्षी टोचावी. शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साथ ओसरते. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो.

जनावर एकाएकी मेले असून नाकातोंडातून वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर काळपुळीचा संशय धरावा. असे जनावर फाडू नये, गिधाडांसाठीही ठेवू नये. पशुवैद्यकास कळवून, त्याच्या देखरेखीखाली सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि वर काटेरी झुडपे घालावीत.