खाली बसलेला कोपरा

जुन्या प्रीमियर पद्मिनीला सपाट जागी उभं करा आणि वीस पावलं मागे जाऊन पाहा. गाडी बहुधा एका अंगावर कललेली दिसेल. मालक सांगतो, "मागचा डावा पाटा बसलाय." मेकॅनिक म्हणतो, "शॉकअप गेलेत साहेब, चारही बदलू." शॉकअप बदलून गाडी सरळ होत नाही, कारण साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन पेलतच नाही. तो फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. उभ्या गाडीची उंची ठरते ती स्प्रिंगांवर. आणि जो कोपरा खाली दिसतो त्याचीच स्प्रिंग दोषी असते, असंही नाही. जुन्या गाड्यांच्या नादात इतकी वर्षं घालवल्यावर मला कुणाला एकच गोष्ट पटवायची असेल, तर ती ही.

इतिहास थोडक्यात सांगतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि तीच १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली पद्मिनी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाडीला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा आहेत. मागे अखंड एक्सल आणि त्याखाली पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

मोजायला बसण्याआधी जागा तपासावी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे तिथे सरळ गाडीही वाकडी दिसते. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी चार चाकांपाशी धरली की जमिनीचा खरा हिशेब कळतो. चारही टायर एकाच मापाचे, हवा सारखी, डिकी रिकामी. गाडी चार हात पुढे-मागे ढकलायची, चारही कोपरे दाबून सोडायचे. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरचा फरक त्यात मिसळतो. मात्र मडगार्डवर पत्राकाम झालेलं असेल तर तीही कड भरवशाची नाही. अशा वेळी गाडीखालच्या मूळ जोडांपासून माप घ्यावं.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे, म्हणजे एकेक चाक तोलण्याकडे येतो. तो तळोज्याशिवाय मला सुचलाही नसता. तळोजा एमआयडीसी आणि शेजारचा कळंबोलीचा लोखंड बाजार यांच्यामुळे इथे ट्रकांची सतत ये-जा असते, आणि ट्रक आले की वजनकाटे आलेच. पोलादाच्या गुंडाळ्या तोलणाऱ्या या काट्यावर नऊशे किलोच्या आसपासची पद्मिनी तोलायला गेलं की काट्यावरचा माणूस आधी चकित होतो आणि मग आपल्याहून जास्त रस घेतो. काटा जमिनीच्या पातळीत बसवलेला, खड्ड्यातला हवा. चढावाचा चालत नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर जावं आणि गाडी काट्याच्या कडेशी नेऊन एकेक चाक वेगळं तोलावं. काटा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो, पण आपल्या कामाला तेवढं पुरतं.

समजा, पुढचं डावं चाक २५० किलो, पुढचं उजवं २१०, मागचं डावं २०० आणि मागचं उजवं २४० दाखवतं. डावी बाजू ४५०, उजवीही ४५०. ही बेरीज स्प्रिंगा बदलू शकत नाहीत. ती गाडीच्या गुरुत्वमध्यावर ठरते. स्प्रिंगांच्या हातात असतं ते फक्त कोपऱ्याकोपऱ्यातलं वाटप. मागची डावी स्प्रिंग थकली की ती आपला वाटा सोडते. त्या कोपऱ्याबरोबर समोरचा तिरपा कोपरा, म्हणजे पुढचा उजवाही, हलका होतो आणि उरलेले दोन जड होतात. पाय आखूड झालेल्या खाटेसारखंच हे.

म्हणून माझा नियम असा: खाली बसलेला कोपरा हलका असेल तर तिथली स्प्रिंग थकली आहे. खाली बसलेला कोपरा जड असेल तर तो दुसऱ्याचं ओझं वाहतो आहे. वरच्या उदाहरणात गाडी डावीकडे कलेल आणि पुढचा डावा कोपराही थोडा खाली दिसेल, पण त्याची स्प्रिंग निर्दोष आहे. ती बदलणारे कितीतरी जण मी पाहिलेत. एका बाजूची बेरीजच जास्त भरली तर स्प्रिंगांना हात लावू नका, आधी सामान शोधा. टॅक्सीतून निवृत्त झालेल्या गाडीच्या डिकीत सीएनजीच्या टाकीचे जड कंस राहून गेलेले असतात. तिरप्या जोड्या जुळताहेत आणि तरी गाडी अख्खी उजवीकडे कलते, तर उजव्या दोन्ही स्प्रिंगा सारख्याच थकल्या आहेत. वर्षानुवर्षं एकटा चालकच बसत असलेल्या गाडीत असं होतं.

काट्याचा निकाल घरी पडताळता येतो. पुढचा अँटी-रोल बार दोन्हीकडून सोडवायचा, कारण वाकडा बार स्वतःच गाडी पिळून धरतो. पुढच्या चाकांना दगड लावून डिफरन्शियलच्या बरोबर मध्याखाली जॅक लावायचा आणि मागची चाकं जेमतेम उचलायची. गाडीखाली मात्र शिरायचं नाही. आता मागचे पाटे गाडीला कलवू शकत नाहीत. बॉडी सरळ झाली तर दोष मागचा, कललेलीच राहिली तर पुढचा.

पुढची कॉइल तशी सोशीक, पण गंज तिला फसवतो. कॉइलचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. बारा मिलिमीटरची तार साडेअकरा झाली की सुमारे १६ टक्के ताठरपणा गेला. तारेचं टोक बैठकीच्या खाचेत बसलेलं नसलं तरीही कोपरा वरखाली होतो. आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सर्रास चुकते: रबरी बुशांचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर पिळलं जातं आणि तेच स्प्रिंगचं काम करू लागतं. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळले की काही गाड्या एक पैसा न खर्चता सरळ होतात.

पाट्यांसाठी मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या आजूबाजूला ट्रकचे पाटे करणारे कारागीर गाठावेत. त्यांच्या ठोक्याकडे मी तासन्‌तास पाहत बसलो आहे. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे सुटे होतात, घासले जातात, त्यांना पुन्हा कमान दिली जाते. नुसतं गार ठोकून दिलेली कमान लवकर उतरते. तापवून, तेलात पाणी देऊन केलेलं काम टिकतं. काम दोन्ही बाजूंचं एकत्र करून घ्यावं. बसलेल्या कोपऱ्यात पॅकिंग घालून उंची साधणं मला मान्य नाही. त्याने नजर फसते, थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते.

पण कमान किती द्यायची, हे अंदाजाने ठरवू नये. अमुक वजनाखाली स्प्रिंगची लांबी किती, हा आकडा जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली, तीही गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. पद्मिनी आता त्या वयात पोहोचू लागली आहे, म्हणून हे मूळ आकडे आता जास्तच मोलाचे आहेत. तुमच्या वडिलांचं गॅरेज असेल किंवा माळ्यावर प्रीमियरची जुनी पुस्तकं पडली असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका.